हातांतल्या विजेरीचा उजेड



शहरांतल्या माणसाला विजेरीची आठवण दिवे गेल्यावर होते. आमच्या सोलापूर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यास ती नेहमींच जवळ लागते. पंपाला वीज कांहीं दिवस दिवसा, तर कांहीं दिवस रात्रीं मिळते. रात्रीची पाळी आली कीं मध्यरात्रीं उठून उसाचीं दारें धरावयास जावें लागतें. बांधावर सापाचें भय असतें. आणि डिसेंबर २०२० मध्यें करमाळा तालुक्यांत तर बिबट्यानें माणसें मारलीं. अशा वेळीं विजेरीचा झोत चार हात अधिक लांब पडावा असें कोणास वाटलें, तर त्यास हौस कसें म्हणावें? म्हणूनच घरच्या घरीं विजेरी अधिक प्रखर करण्याची खटपट आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे. तिचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

विजेरीचा जीव सेलांत. १८६६ सालीं लेक्लांशे नांवाच्या फ्रेंच संशोधकानें जस्त, कार्बन, मँगॅनीजचें ऑक्साइड आणि नवसागराचें पाणी यांचा विद्युत्‌घट सिद्ध केला. पण तो ओला. आडवा केला तर सांडावयाचा. पुढें वीस वर्षांनीं जर्मनींत गासनर यानें नवसागर प्लॅस्टरांत कालवून तो जस्ताच्या डब्यांत बंद केला, आणि कोरडा सेल निर्माण झाला. मग १८९९ च्या जानेवारींत डेव्हिड मिसेल यास अमेरिकेंत एक पेटंट मिळालें: नळींत ओळीनें सेल, टोंकास छोटा दिवा व त्यामागें परावर्तक. कॉनरॅड ह्यूबर्ट याच्या ज्या कंपनीनें तें हातीं घेतलें, तीच पुढें ‘एव्हर रेडी’ या नांवानें प्रसिद्धीस आली.

अमेरिकेंत या वस्तूस ‘फ्लॅशलाइट’ म्हणतात. फ्लॅश म्हणजे क्षणभर चमकणें. त्या वेळचे सेल दुबळे, दिव्यांतील तार कर्बाची. तेव्हां खटका दाबून क्षणभर पाहावयाचें आणि सेलास विसावा द्यावयाचा, अशी रीत होती. १९१० च्या पुढें टंगस्टनची तार आली आणि उजेड स्थिर झाला. आपल्या देशांत १९३४ सालीं एव्हरेडी कंपनी स्थापन झाली व १९५८ सालीं लखनौस टॉर्चचा कारखाना निघाला. आमच्या खेड्यांत मात्र तिला विजेरीही म्हणत नाहींत आणि टॉर्चही नाहीं. तेथें ती ‘बॅटरी’च.

उजेड वाढविण्याचे घरगुती उपाय तीन ठिकाणीं चालत. पहिलें ठिकाण सेल: मंदावलेले सेल दुपारच्या उन्हांत पत्र्यावर ठेवीत. उष्णतेनें आंतील रासायनिक क्रिया थोडा वेळ जोर धरी, म्हणून रात्रीं दिवा जरा उजळे. नवी शक्ति कांहीं त्यांत शिरत नसे. दुसरें ठिकाण आरसा आणि सांधे: परावर्तक मऊ फडक्यानें पुसावा, सेलाचीं टोंकें व स्प्रिंग पॉलिशकागदानें घासून गंज काढावा. हा उपाय सर्वांत साधा आणि खरोखर गुणकारी. कारण वाटेंत अडणारी वीज त्यामुळें दिव्यापर्यंत पोंचते. तिसरें ठिकाण दिवा. येथेंच माझी फसगत झाली.

१९७५ च्या सुमाराची गोष्ट. मी शाळकरी पोर, सुटींत मामाकडे भीमेकांठच्या गांवीं गेलों होतों. मामांची बॅटरी दोन सेलांची होती. मीं डालड्याच्या डब्याचा पत्रा वळून नळी लांबविली, तींत तिसरा नवा सेल बसविला, आणि दिवा मात्र दोन सेलांचाच ठेवला. अंगणांत झोत पडला तो समोरच्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत! आजी कौतुकानें म्हणाली, “पोरगं हुशार निघालं.” त्याच रात्रीं मामा ती घेऊन दारें धरावयास गेले. पाटाकडेला घोणस दिसली, मामांनीं झोत तिच्यावर धरला, आणि दिवा उडाला. साप कोठें गेला तें कळेना, पाऊल टाकवेना. उजाडेपर्यंत मामा एकाच जागीं पाण्यांत उभे होते. सकाळीं घरीं आले ते रागावले नाहींत, बॅटरी माझ्यापुढें ठेवून एवढेंच म्हणाले, “उजेड लई केलास बाळा, पर टिकला न्हाई.”

असें कां झालें याचा हिशेब मला पुढें मुलांना शिकवितांना उमगला. तारेच्या दिव्यास ठरल्यापेक्षां दहावा हिस्सा अधिक दाब दिला, तर प्रकाश सुमारें एक तृतीयांशानें वाढतो. पण दिव्याचें आयुष्य तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतें. मीं तर दाब दिढीनें वाढविला होता! वाढलेला उजेड मीं दिव्याच्या आयुष्यांतून काढला होता, आणि त्याची किंमत मामांनीं मोजली.

आतां तारेचा दिवा मागें पडला आहे. १९९० नंतरच्या दशकांत जपानांत प्रखर निळा एलईडी तयार झाला, त्यावर पिवळें प्रस्फुरक लावून पांढरा उजेड मिळाला. त्या निळ्या दिव्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तारेच्या दिव्यांत बहुतेक वीज उष्णतेंत जाते. एलईडी तितक्याच विजेंत कितीतरी पट उजेड देतो. जुन्या विजेरींत बसेल असा एलईडी मिळतो. तो मात्र आपल्या सेलांच्या संख्येचाच घ्यावा. लिथियमचे सेल साध्या सेलांच्या जागीं घालूं नयेत. त्यांचा दाब दुपटीहून अधिक असतो, आणि चुकीनें जोडल्यास ते पेट घेतात.

आज आमच्याकडचे तरुण कपाळास दिवा बांधून, दोन्ही हात मोकळे ठेवून दारें धरतात. त्यांस माझी एकच विनंति आहे. घरीं केलेला कोणताही बदल आधीं अंगणांत तासभर पेटवून पाहावा, आणि मगच शेतांत न्यावा. शिवाय खिशांत एक साधी जुनी बॅटरी असूं द्यावी. मामा त्या रात्रीनंतर नेहमीं दोन घेऊन जात.