देह बलदंड, आकडे तोकडे

शरीर कमावलेला, चपळ, पण मैदानावर नाव घेण्याजोगी कामगिरी न केलेला महाविद्यालयीन खेळाडू अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक संघांना नेहमीच कोड्यात टाकतो. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा बचावपटू डॅनील हंटर हे त्याचे बोलके उदाहरण. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच लोळविणे म्हणजे 'सॅक'. हंटरच्या जागेवरील खेळाडूचे मोल मुख्यतः यावरच ठरते. २०१४ च्या हंगामात त्याच्या नावावर अवघे दीड सॅक होते! (दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकी अर्धा.)

तथापि २०१५ मध्ये इंडियानापोलिस येथील निवडपूर्व चाचणीत सहा फूट पाच इंच उंचीचा आणि सुमारे ११४ किलो वजनाचा हा गडी ४० यार्ड ४.५७ सेकंदांत धावला. एवढ्या देहाला हा वेग दुर्मीळच. तरीही संघ कचरले. अखेर मिनेसोटा वायकिंग्जने तिसऱ्या फेरीत, ८८ व्या क्रमांकावर त्याला घेतले. बचावफळीचे प्रशिक्षक आंद्रे पॅटरसन यांनी त्याच्याकडून तंत्र घोटवून घेतले. २०१६ मध्ये त्याने साडेबारा, तर २०१८ व २०१९ मध्ये प्रत्येकी साडेचौदा सॅक नोंदविले.

अर्थात, चाचणीचे आकडे फसवेही असतात. २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने सहाव्या क्रमांकावर निवडलेला व्हर्नन गोल्स्टन असाच बलदंड होता, शिवाय महाविद्यालयात यशस्वीही. जेट्सकडील तीन हंगामांत त्याला एकही सॅक मिळाला नाही.