शब्दवेध : मालिक

शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबांच्या तोंडी ‘अल्ला मालिक’ हा उद्गार सतत असे. गो. र. दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’तून तो मराठी घराघरांत पोचला.

दोन्ही शब्द अरबी. ‘अल्’ आणि ‘इलाह’ मिळून ‘अल्लाह’, म्हणजे ‘तो एकमेव देव’, अशी व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक देतात. हिब्रू ‘एलोहिम’ आणि अरामी ‘अलाहा’ याच कुळातले. अरबी भाषक ख्रिस्तीही बायबलात ‘अल्लाह’च म्हणतात. फारसीने मात्र आपला ‘खुदा’ योजला. त्याचा मूळ अर्थ धनी, स्वामी.

‘मालिक’चा अर्थही तोच. म-ल-क हा त्याचा धातू, सत्ता आणि स्वामित्व सांगणारा. कुराणाच्या पहिल्याच अध्यायात ईश्वर न्यायदिनाचा ‘मालिक’ आहे. त्याच्या 99 नावांत ‘मालिक-उल-मुल्क’ येते. त्यातला ‘मुल्क’ म्हणजे आपला मुलूख, ‘मालिक’ म्हणजे आपला मालक. राजा या अर्थाचा ‘मलिक’ही त्याच धातूचा. अहमदनगर वसवणारा मलिक अहमद आणि निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर यांच्या नावांत तो दिसतो.

सातबारावर जमिनीची मालकी पाहणाऱ्या शेतकऱ्याला म्हणूनच ‘अल्ला मालिक’ समजावून सांगावे लागले नाही. देवाच्या नावाचे भाषांतर करावे की नाही, हा वाद जगभर चालतो. शिर्डीचे उत्तर मला सर्वांत शहाणपणाचे वाटते : नाव तसेच राखावे आणि शेजारी लोकांच्या रोजच्या बोलीतला शब्द ठेवावा.