जवसाचे तेल आणि जड पाणी

चरबी म्हणजे साठा, ही समजूत आपल्या बोलण्यातच मुरली आहे. चरबी 'चढते', 'साचते', 'झडते'. कणगीत भरलेल्या धान्यासारखी ती पडून राहते आणि दुष्काळ पडला की उपसली जाते. यात मराठी माणसाचा काही दोष नाही. युरोपातले शरीरशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे हेच मानत होते. ही समजूत मोडली ती 1935च्या सुमारास, न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेत, उंदरांना जवसाचे तेल खाऊ घालून. ते तेल मात्र आपल्या जवसाच्या चटणीतल्यासारखे साधे नव्हते.

त्याआधीचा एक वाद सांगायला हवा, कारण तो रंजक आहे आणि मराठीत फारसा कोणी सांगितलेला नाही. मिशेल यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1823 साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि चरबी नेमकी कशाची बनते ते दाखवून दिले : ग्लिसरीन, आणि त्याला जोडलेली मेदाम्ले. साबण करताना आपण हीच जोडणी अल्काने तोडत असतो. पित्ताशयातल्या खड्यांमधून मिळणाऱ्या पांढऱ्या, मेणचट पदार्थाला 'कोलेस्टेरीन' हे नावही त्यानेच दिले. (हा गृहस्थ 102 वर्षे जगला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्याचे नाव आहे.) चरबी कशाची, हे कळले. पण ती प्राण्याच्या अंगात येते कुठून?

पॅरिसमधल्या द्यूमा आणि बुसँगो यांनी 1840च्या सुमारास ठामपणे सांगितले, की चरबी तयार करणे हे फक्त वनस्पतींचे काम आहे. प्राणी ती आयती खातात आणि जाळतात किंवा साठवतात. जर्मनीतला लिबिग म्हणाला, खोटे. गाय जे गवत खाते त्यातल्या तेलापेक्षा तिच्या लोण्याचे वजन जास्त भरते. मक्यावर पोसलेल्या हंसाच्या अंगावरची चरबी मक्यातून आली म्हणावे, तर मक्यात तेवढे तेल असते कुठे? प्राणी पिष्टापासून चरबी घडवतो. हा वाद चांगलाच पेटला. त्याला राष्ट्राभिमानाची फोडणीही होतीच.

निकाल लावला तो मधमाश्यांनी. जिनिव्हाचा फ्रांस्वा ह्यूबर तरुणपणीच आंधळा झाला होता. सेवक बुर्नेन्स याच्या डोळ्यांनी आणि हातांनी त्याने मधमाश्यांवर केलेले काम आजही थक्क करते. कोंडून ठेवलेल्या माश्यांना नुसता मध किंवा साखरेचा पाक दिला, तरी त्या मेणाची पोळी बांधतात. नुसत्या परागांवर ठेवल्या तर बांधत नाहीत, हे त्याने पूर्वीच दाखवले होते. 1843 साली द्यूमाने मिल्न-एडवर्ड्स याच्यासह हा प्रयोग पुन्हा केला. माश्यांच्या अंगात आधी किती चरबी होती, मधात किती होती आणि मेण किती झाले, असा पूर्ण हिशेब मांडला. मेण जास्त भरले. द्यूमाला आपले म्हणणे मागे घ्यावे लागले. बुसँगोनेही आपल्या शेतावरची डुकरे तोलून तेच मान्य केले. इतक्या मोठ्या नावाच्या माणसांनी स्वतःच प्रयोग करून स्वतःचेच मत खोडावे, ही गोष्ट मला त्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते.

पण यातून कळले ते जमाखर्चापुरतेच. किती आत गेले, किती साठले. मधल्या काळात, एकदा साठल्यावर, त्या चरबीचे काय होते? ती पाहणार कशी? शरीरातल्या स्टिअरिक आम्लाचा एक रेणू दुसऱ्या रेणूसारखाच असतो. त्यावर कालचा-आजचा असा शिक्का नसतो. 1904 साली फ्रान्झ क्नूप याने एक युक्ती केली. मेदाम्लाच्या शेपटाला शरीराला जाळता न येणारे बेंझिनचे कडे जोडून ते कुत्र्यांना दिले आणि मूत्रात काय उरते ते तपासले. कार्बनची साखळी दोन-दोन अणूंनी तुटत जाते, हे त्यावरून निघाले. हुशारीचे काम होते, यात शंका नाही; पण कडे जोडलेले मेदाम्ल हे शेवटी परकेच.

रुडॉल्फ शोनहायमर याचा जन्म 1898 साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. फ्रायबुर्ग येथे तो कोलेस्टेरॉलवर काम करीत होता. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि शोनहायमर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. त्याच विद्यापीठात हॅरॉल्ड युरी याने नुकताच जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, शोधला होता. युरीचा विद्यार्थी डेव्हिड रिटेनबर्ग शोनहायमरकडे आला, आणि हवा तो शिक्का सापडला. जड हायड्रोजन हा हायड्रोजनच. शरीर त्याला परका मानत नाही. फक्त त्याचे वजन दुप्पट, म्हणून नंतर तो ओळखता येतो.

जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांमध्ये हायड्रोजन सामावायला रिकाम्या जागा भरपूर असतात. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन भरतात, तीच ही प्रक्रिया. इथे भरला तो जड हायड्रोजन. असे तेल उंदरांना अगदी थोडे दिले, आणि एकूण आहारही बेताचाच ठेवला. अपेक्षा अशी, की पोटाला चिमटा असताना आलेले थोडेसे तेल लगेच जळून जाईल. कोठारात काही जाणार नाही. चार दिवसांनी उंदरांची चरबी काढली, जाळली आणि त्यातून निघालेले पाणी किती जड आहे ते मोजले. खाल्लेल्या तेलाचा बराचसा भाग कोठारात बसलेला निघाला. म्हणजे जळत होती ती दुसरी, जुनी चरबी. आलेला माल आत जात होता आणि आतला बाहेर पडत होता. उंदीर लठ्ठ होत नसतानाही हे चालूच होते.

मग उलट बाजूने प्रयोग केला. उंदरांना जड पाणी पाजले. त्यांच्या मेदाम्लांत जड हायड्रोजन शिरू लागला. शरीर दररोज नवी मेदाम्ले घडवत होते. संपृक्त स्टिअरिक आम्लातून ओलेइक आम्ल होताना आणि ओलेइकातून परत स्टिअरिक होताना दिसले. एक मेदाम्ल मात्र कोरे राहिले : लिनोलेइक. जड पाणी पिऊनही त्याच्यात शिक्का उमटला नाही. शरीराला ते करताच येत नाही. मिनेसोटाच्या जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 साली चरबीविरहित आहारावरच्या उंदरांच्या शेपटीला खवले धरतात, वाढ खुंटते आणि थोड्या तेलाने ते बरे होतात, असे दाखवले होते. त्याचे कारण आता रेणूच्या पातळीवर दिसले. याच कुळातल्या मेदाम्लांपासून शरीर प्रोस्टाग्लँडिने घडवते, हे 1964 साली कळले. ॲस्पिरिनची गोळी नेमकी तिथेच अडथळा आणते.

शोनहायमरला या सगळ्याचे सार हार्वर्डच्या व्याख्यानमालेत मांडायचे होते. सप्टेंबर 1941मध्ये त्याने आत्महत्या केली. व्याख्याने विभागप्रमुख हान्स क्लार्क यांनी वाचून दाखवली आणि पुढच्या वर्षी त्यांचे छोटे पुस्तक निघाले. शरीराचे घटक सतत घडत-मोडत असतात, हे त्याचे सूत्र.

मागे राहिलेल्यांनी काम वाटून घेतले. कदाचित चिठ्ठ्या टाकून, असे कोनराड ब्लॉख याने नंतर म्हटले आहे. त्याच्या वाट्याला आली स्निग्ध द्रव्ये. ब्लॉखही जर्मनीतून निसटलेला ज्यू. कोलेस्टेरॉलची रचना सांगणाऱ्या वीलांड आणि विंडाउस यांना 1927 आणि 1928 सालचे नोबेल मिळाले होते, आणि ती रचना चूक होती; 1932 साली ती दुरुस्त झाली. नोबेल काही परत मागितले गेले नाही! हा चार कड्यांचा गुंतागुंतीचा रेणू शरीर बनवते कशापासून? ब्लॉख आणि रिटेनबर्ग यांनी 1942 साली दाखवले : ॲसिटेटपासून, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लापासून. पुढे एकेक कार्बन वेगळा काढून तपासला. कोलेस्टेरॉलच्या 27 कार्बनांपैकी 15 ॲसिटेटच्या एका टोकाचे, 12 दुसऱ्या टोकाचे. मधला टप्पा निघाला स्क्वॅलीन, जे शार्क माशाच्या यकृतात मुबलक असते. म्युनिकचा फिओडोर लिनेन याने हे 'क्रियाशील' ॲसिटेट म्हणजे काय ते यीस्टमध्ये शोधले. 1964चे नोबेल दोघांना मिळाले.

इथे मला आपल्याकडच्या तुपाच्या धास्तीबद्दल बोलावेसे वाटते. सेंट पीटर्सबर्गच्या अनिच्कोव्ह याने 1913 साली सशांना कोलेस्टेरॉल चारले आणि त्यांच्या धमन्यांत थर बसलेले पाहिले. ससा शाकाहारी, त्याच्या आहारात हा पदार्थ नसतोच. उंदरांना कोलेस्टेरॉल चारले की त्यांचे स्वतःचे उत्पादन घटते, हे शोनहायमरने 1933 सालीच प्रसिद्ध केले होते. शरीर स्वतः करते आणि हिशेब ठेवून करते, ही गोष्ट सशांच्या गलबल्यात मागे पडली. अमेरिकेने दररोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 सालच्या आहारसूत्रांत काढून टाकली, तोवर घरोघरी अंड्यांतला पिवळा बलक बाजूला काढण्याची रीत पक्की झाली होती. तुपातली संपृक्त मेदाम्ले मात्र यकृताकडून होणारी उचल कमी करून रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतात. म्हणून तूप निर्दोष ठरते असे नाही. पण धास्ती घ्यायची तर ती कशाची, हे तरी नीट माहीत असावे.

औषध शेवटी सापडले ते शरीराच्या या कारखान्यातच. जपानच्या अकिरा एंडो याने 1970च्या दशकाच्या आरंभी हजारो बुरशी तपासल्या. पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत त्याला कॉम्पॅक्टिन मिळाले. ब्लॉख आणि लिनेन यांनी शोधलेल्या वाटेवरचा आरंभीचा एक टप्पा ते अडवते. यकृताला स्वतःचे कोलेस्टेरॉल कमी पडले, की ते आपल्या पृष्ठभागावर अधिक ग्राहके उभारून रक्तातले उचलते. ही दुसरी बाजू ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांनी उलगडली आणि त्यांना 1985चे नोबेल मिळाले. कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आले नाही. त्याच जातीचे लोव्हास्टॅटिन 1987 साली अमेरिकेत आले, आणि आज घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या डबीत रात्रीच्या खणात जी गोळी असते, ती बहुधा त्याच घराण्यातली.