बाणकोट: सावित्रीच्या मुखावरचा किल्ला

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या मुखावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. आंग्र्यांच्या ताब्यात असताना त्याला हिंमतगड म्हणत.

1755 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी केली. कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग जिंकला, पुढच्या वर्षी विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. किनाऱ्याचे रक्षण करू शकणारी मराठ्यांची सर्वांत मोठी नाविक शक्ती मराठ्यांच्याच संमतीने बुडाली, ही या प्रकरणातली खरी हानी. 1756 च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, तर बाणकोट आणि भोवतालची काही गावे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. इंग्रजांनी किल्ल्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव दिले. राणी व्हिक्टोरियाचा जन्म 1819 चा, त्यामुळे या नावाचा तिच्याशी संबंध नाही.

पेशवाई संपल्यावर दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याचे मुख्य ठाणे बाणकोटला होते. 1822 मध्ये ते अधिक मध्यवर्ती अशा रत्नागिरीला हलले आणि बाणकोटचे महत्त्व ओसरले. तरीही मुंबईहून महाबळेश्वरला जाणारे इंग्रज गलबताने येथे येत आणि खाडीतून महाडकडे जात.

किल्ला लहान, जांभ्या दगडाचा आहे. बुरुजांवरून खाडीचे मुख आणि पलीकडचा रायगड जिल्ह्याचा किनारा दिसतो. वेसवी ते बागमांडला फेरीबोटीने वाहनांसह खाडी ओलांडता येते, त्यामुळे हरिहरेश्वरला जाणाऱ्यांना किल्ला सहज पाहता येतो.