टायरच्या बाजूवरचे आकडे

१. १८५/६५ आर १५ ८८ एच : दुकानदार सांगतो तो हा आकडा टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत असतो. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे माप नव्हे, टक्केवारी आहे : टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. म्हणूनच ६५ कायम ठेवून नुसता रुंद टायर बसवला, तर चाकाची उंचीही वाढते आणि स्पीडोमीटर चुकू लागतो. 'आर' म्हणजे रेडियल. आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे टाकलेले. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ८८ हे किलो नव्हेत. तो भारांक असून तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थ एका टायरवर कमाल ५६० किलो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा.

वाचकाने खरे लक्ष द्यावे ते 'डीओटी'पासून सुरू होणाऱ्या ओळीतल्या शेवटच्या चार अंकांकडे. २३१९ असेल, तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनला. हे अंक बऱ्याचदा एकाच बाजूवर असतात. ती आत गेली असेल, तर गाडीखाली डोकवावे लागते. गाडी नुसती उभी असली तरी रबर कडक होत जाते. त्यामुळे जुनी गाडी घेताना नक्षी कितीही शाबूत दिसो, हे अंक वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. बाजूवर छापलेला हवेचा दाब ही कमाल मर्यादा असते. भरायचा दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर मिळतो. – संपा.