माप एकच पाहिजे

मैंदर्गीच्या बाजारात मराठी चालते, कानडीबी चालते. भाषा बदलली म्हणून किलो बदलत नाही. मी म्हणतो, नीतीचं माप तसंच पाहिजे.

मनूनं काय केलं? गुन्हा एकच, पण दंड वर्ण बघून. आधी जात इचारायची, मग पाप तोलायचं. हे खोटं माप धर्म म्हणून खपलं.

१७८५ साली प्रशियात कांटनं लिहिलं : जो नियम सगळ्यांचा व्हावा असं तू म्हणू शकतोस, त्याच नियमानं वाग. त्यानं कागदावर मांडलं. आपल्या माणसांनी २० मार्च १९२७ ला महाडात ओंजळीनं मांडलं. चवदार तळ्यावर जनावराला मज्जाव नव्हता, आपल्याला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला हायकोर्टात १९३७ पर्यंत चालला.

१९३६ च्या, न झालेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेब फरक सांगतात : नियम हुकूम देतो, तत्त्व विचार करायला लावतं. हुकमाच्या ताबेदाराला कसली आलीय जबाबदारी? माणूस स्वतः तोलतो तिथं कर्तव्य सुरू होतं. त्याचा पाया बाबासाहेबांनी बुद्धाच्या धम्मात दाखवला. देव नव्हे, माणसाला माणसाची गरज.

तेव्हा कुणी ‘आमची रीत’ म्हणालं की इचारा : हीच रीत तुला लावली तर चालंल का? आणि घरात बाईवर हुकूम सोडताना हेच माप आधी आपल्याला लावा.