सर्गेई इग्नाशेविच : रशियन बचावफळीची सोळा वर्षे

रशियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून सर्वाधिक, म्हणजे १२७ सामने खेळण्याचा विक्रम सर्गेई इग्नाशेविच या मध्यबचावपटूच्या नावावर आहे. १४ जुलै १९७९ रोजी मॉस्कोत जन्मलेल्या इग्नाशेविचने खेळाचे पहिले धडे टॉर्पेडो या मोटार कारखान्याच्या क्लबमध्ये गिरवले. त्या क्लबच्या मुख्य संघात मात्र त्याला संधी मिळाली नाही. व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली ती मॉस्कोच्या पूर्वेकडील ओरेखोव्हो-झुयेव्हो या गिरण्यांच्या गावातल्या छोट्या संघातून. मोरोझोव्ह गिरण्यांतल्या इंग्रज कर्मचाऱ्यांनी याच गावात फुटबॉल रुजवला होता. तिथून १९९९ मध्ये तो व्होल्गाकाठच्या समारा शहरातील क्रिल्या सोव्हेतोव्ह संघात गेला आणि अव्वल विभागात खेळू लागला.

२००१ मध्ये रेल्वेच्या लोकोमोटिव्ह मॉस्को क्लबने त्याला घेतले. प्रशिक्षक युरी स्योमिन यांचा हा संघ शिस्तबद्ध बचावासाठी ओळखला जाई. २००२ च्या हंगामाअखेर लोकोमोटिव्ह आणि प्रतिस्पर्धी क्लब सीएसकेए यांचे गुण समान झाले, तेव्हा विजेता ठरवण्यासाठी एक जादा सामना खेळवावा लागला. दिमित्री लोस्कोव्हच्या सुरुवातीच्या गोलावर लोकोमोटिव्हने तो १-० असा जिंकला. त्या एका गोलाची आघाडी उरलेला सारा सामना टिकवून धरणे ही तरुण बचावपटूची मोठीच परीक्षा होती. त्याच वर्षी त्याला राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले. २००४ च्या सुरुवातीला तो, ज्यांना हरवले त्याच सीएसकेएकडे गेला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला.

सीएसकेएमध्ये प्रशिक्षक व्हॅलेरी गझायेव्ह यांनी मागे तीन बचावपटू ठेवण्याची पद्धत अवलंबली होती. मधोमध इग्नाशेविच, दोन्ही बाजूंना अलेक्सेई आणि व्हासिली हे बेरेझुत्स्की जुळे बंधू, आणि पाठीमागे तरुण गोलरक्षक इगोर अकिन्फेयेव्ह. क्लबच्या या चौघांवर राष्ट्रीय संघाचा बचावही दशकभर विसंबून होता. इग्नाशेविच वेगवान नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा पास कुठे पडणार हे आधीच ओळखून तिथे उभे राहणे, हवेतले चेंडू जिंकणे आणि मागून लांब, अचूक पास देणे ही त्याची बलस्थाने होती. फ्री किक आणि पेनल्टीही तो घेत असे. पायांतला वेग वयाबरोबर ओसरतो, नजर सहसा ओसरत नाही. त्याच्या दीर्घ कारकिर्दीचे निम्मे उत्तर इथे आहे.

१८ मे २००५ रोजी लिस्बनमध्ये युएफा चषकाची अंतिम लढत झाली. यजमान शहराचाच संघ असलेल्या स्पोर्टिंगने आपल्या मैदानावर मध्यंतरापर्यंत १-० अशी आघाडी घेतली होती. उत्तरार्धात अलेक्सेई बेरेझुत्स्की, युरी झिर्कोव्ह आणि व्हागनर लव्ह यांच्या गोलांनी सीएसकेएने ३-१ असा विजय मिळवला. रशियन क्लबने जिंकलेला हा पहिलाच युरोपीय चषक, आणि इग्नाशेविच त्या संघाचा कर्णधार होता. सीएसकेएबरोबर त्याने पाच लीग विजेतेपदे आणि सहा रशियन चषक मिळवले. २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यानंतरच्या उत्तेजक चाचणीवेळी सर्दीच्या औषधाची नोंद न झाल्याने त्याच्यावर आणि अलेक्सेई बेरेझुत्स्कीवर एका सामन्याची बंदी आली.

राष्ट्रीय संघाचा सर्वोत्तम काळ २००८ च्या युरो स्पर्धेतला. गुस हिडिंक यांच्या मार्गदर्शनाखाली रशियाने नेदरलँड्सला ३-१ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे स्पेनने त्यांना ३-० असे रोखले. २०१६ च्या युरोत मात्र हाच वयस्कर बचाव उघडा पडला आणि रशिया गटातच बाद झाला. इग्नाशेविचने त्यानंतर आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतली.

त्याच्या दीर्घ कारकिर्दीचे उरलेले निम्मे उत्तर रशियन फुटबॉलच्या व्यवस्थेत सापडते. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्याने देशी खेळाडूंच्या जागा सुरक्षित होत्या आणि वेतनही भरपूर होते. चांगले बचावपटू बाहेर जाईनात, आणि मागून येणाऱ्यांना त्यांची जागा हिसकावून घेता येईना. २०१८ च्या विश्वचषकाआधी व्हिक्टर व्हासिन, जॉर्जी झिकिया आणि रुस्लान कांबोलोव्ह जायबंदी झाले, तेव्हा प्रशिक्षक स्तानिस्लाव्ह चेर्चेसोव्ह यांना ३८ वर्षांच्या इग्नाशेविचलाच परत बोलवावे लागले.

त्या विश्वचषकाच्या बाद फेरीत १ जुलैला लुझ्निकी मैदानावर स्पेनविरुद्ध बाराव्या मिनिटाला सेर्जिओ रामोसशी झटापट करताना चेंडू त्याच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला. इथे एखादा खेळाडू खचला असता. त्याने मात्र पाच जणांच्या बचावफळीच्या मध्यभागी उभे राहून उरलेला वेळ किल्ला लढवला. स्पेनने हजाराहून अधिक पास खेळूनही दुसरा गोल होऊ शकला नाही. आर्त्योम झ्युबाच्या पेनल्टीवर झालेली १-१ ही बरोबरी जादा वेळेतही टिकली. शूटआउटमध्ये इग्नाशेविचने दुसरी किक जाळ्यात मारली आणि रशिया ४-३ असा जिंकला. सोचीत क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व लढतीतही शूटआउटची वेळ आली. त्याने आपली किक सार्थकी लावली, पण संघ हरला. हा त्याचा अखेरचा सामना ठरला.

निवृत्तीनंतर त्याने प्रशिक्षणाचा मार्ग धरला. प्रथम टॉर्पेडो आणि नंतर कालिनिनग्रादचा बाल्टिका संघ त्याने हाताळला. २०२३ मध्ये बाल्टिकाला त्याने अव्वल विभागात नेले. पुढच्याच हंगामात संघ रशियन चषकाच्या अंतिम सामन्यात झेनितकडून १-२ असा हरला, आणि लीगमधूनही पुन्हा खालच्या विभागात गेला.